सर्पगंधा देण्यापूर्वी : एका निद्राकर वनस्पतीचे गुणधर्म व सुरक्षितता

"डॉक्टरसाहेब, रात्रभर डोळा लागत नाही, झोपेचं काही द्या." दिग्रस व परिसरातील कोणत्याही वैद्याच्या बाह्यरुग्ण कक्षात ही मागणी दिवसातून एकदा तरी ऐकू येते. मागणी करणारा कधी रक्तदाबाचा जुना रुग्ण असतो, कधी मुलीच्या लग्नाच्या काळजीत असलेली गृहिणी असते, तर कधी कापूस-सोयाबीनचा हिशेब न जुळलेला शेतकरी असतो. अशा प्रसंगी ज्या वनौषधीकडे वैद्याचा व औषधविक्रेत्याचाही हात प्रथम जातो, ती म्हणजे सर्पगंधा. चूर्ण, घनवटी अथवा संयुक्त गोळ्या अशा कोणत्या ना कोणत्या रूपात ती प्रत्येक आयुर्वेदीय औषधालयात असते.

सर्पगंधेची उपयुक्तता वादातीत आहे. भारतीय वनौषधींपैकी जगाच्या वैद्यकाने इतक्या निःसंदिग्धपणे मान्य केलेली द्रव्ये मोजकीच आहेत. मात्र ही मान्यता तिला मिळाली ती तिच्या अंगी असलेल्या तीव्र कर्मामुळे, आणि तीव्र कर्म म्हटले की मात्रा, पात्रता व निषेध यांचा विचार ओघाने आलाच. "वनस्पती आहे, अपाय नाही" या समजुतीने ती देणे हे शास्त्राला धरून नाही. प्रस्तुत लेखात सर्पगंधेच्या गुणधर्मांचा व सुरक्षिततेचा परामर्श घेताना, आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या परिस्थितीत तिचा वापर करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावयास हवेत, याकडे व्यवसायबंधूंचे व औषधालय-चालकांचे लक्ष वेधण्याचा आमचा प्रयत्न आहे.

परिचय व गुणधर्म

सर्पगंधा (रॉवोल्फिया सर्पेंटिना) हे करवीर कुलातील म्हणजे अॅपोसायनेसी कुलातील लहान, बहुवर्षायू क्षुप आहे. उंची साधारणतः दीड ते तीन फूट असते. पाने बहुधा तीन-तीनच्या चक्रात येतात. फुले पांढरी, त्यांचे देठ व संदले लालसर आणि पक्व फळे जांभळट काळी असतात. मराठीत हिला हरकी, हरकाया अशीही नावे आहेत. बिहारकडे हिचे 'पागल की दवा' हे लोकनाम प्रसिद्ध असून त्यातच तिचे मुख्य कर्म सांगितले गेले आहे. औषधार्थ मूळ वापरले जाते.

द्रव्यगुणशास्त्रानुसार सर्पगंधा रसाने तिक्त, गुणाने रूक्ष, विपाकाने कटु व वीर्याने उष्ण असून निद्राजनन हा तिचा प्रभाव मानला आहे. कफवातशामक, निद्राजनन, मनोवसादक, रक्तभारशामक व विषघ्न ही तिची प्रमुख कर्मे होत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात निद्रानाशावर जे उपाय सांगितले आहेत, त्यांत अभ्यंग, उत्सादन, स्नान, मांसरस, दही-भात, दूध, स्नेह, संवाहन, मनास सुखकर गंध व शब्द आणि सुखशय्या यांचा अंतर्भाव आहे. हे उपाय बहुतांशी स्निग्ध, बृंहण व मनःप्रसादक आहेत. सर्पगंधा ही त्या मालिकेतील नाही. ती रूक्ष व उष्ण आहे आणि तिची निद्रा प्रभावजन्य आहे. कृश, श्रमाने थकलेल्या, अर्धपोटी राहणाऱ्या रुग्णाच्या निद्रानाशाचे मूळ कारण ती दूर करीत नाही. केवळ लक्षणावर काम करते.

मान्यतेचा इतिहास

आधुनिक काळात सर्पगंधेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा आरंभ भारतातच झाला. इ. स. १९३१ मध्ये कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्ही विकारांत सर्पगंधेच्या मूळचूर्णाचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली मात्रा २० ते ३० ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ते २ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा अशी होती. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून अनेक क्षारद्रव्ये, म्हणजे अल्कलॉइड, पृथक केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ 'अजमलिन' हे नाव दिले.

पुढील महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत गाठला गेला. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी 'रेसर्पिन' हे तिचे मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांत त्याचा उपयोग दाखविला. १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत डॉ. वकील व डॉ. क्लाइन या दोघांचाही समावेश होता.

हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याचा उत्तरार्ध मात्र आपल्या व्यासपीठांवर क्वचितच सांगितला जातो. १९५४ सालीच एडवर्ड फ्राइस या अमेरिकन संशोधकांनी, रक्तदाबासाठी रेसर्पिनच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत मानसिक खिन्नता उत्पन्न होते, असे निरीक्षण नोंदविले. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या आणि रेसर्पिनच्या औषधपत्रकावर खिन्नता, विशेषतः आत्महत्येची प्रवृत्ती, हा निषेध स्पष्टपणे छापला जाऊ लागला. अलीकडच्या वर्षांत जुन्या नोंदींची पुन्हा छाननी झाली असून, रेसर्पिनमुळे खिन्नता निर्माण होतेच याचा पुरावा समजला जात होता तितका भक्कम नाही, असेही मत पुढे आले आहे. हा वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. व्यवसाय करणाऱ्या वैद्याने मात्र, प्रश्न अनिर्णित असेतोवर, रुग्णाच्या सुरक्षिततेच्या बाजूनेच निर्णय द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कार्य कसे घडते

सर्पगंधेच्या मुळात एकूण क्षारद्रव्ये साधारणतः दीड ते तीन टक्के असतात. त्यांत रेसर्पिन, रेसिनॅमिन, अजमलिन, अजमलिसिन, सर्पेंटिन ही प्रमुख होत. त्यांचा बहुतेक अंश मुळाच्या सालीत असतो. म्हणून साल गळून गेलेले वा खरवडलेले मूळ दिसण्यास स्वच्छ असले तरी औषध म्हणून निकृष्ट समजावे.

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन व डोपामिन ही संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पुटिकांमध्ये साठविलेली असतात. रेसर्पिन ही साठवणूकच रोखते. परिणामी साठा हळूहळू रिकामा होतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मन शांत व सुस्त होते. या कार्यपद्धतीतून तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट म्हणजे, पूर्ण परिणाम दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. "चार दिवस घेतले, फरक नाही" म्हणून रुग्ण स्वतःच मात्रा दुप्पट करतो, आणि तिसऱ्या आठवड्यात चक्कर येऊन पडतो. दुसरी गोष्ट, औषध थांबविल्यानंतरही परिणाम लगेच जात नाही. रिकामा झालेला साठा भरून येण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाने भूल देणाऱ्या डॉक्टरांना "पूर्वी घेत होतो" हेही सांगणे म्हणूनच आवश्यक असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या द्रव्यांच्या साठ्यावर मनाचा उत्साह अवलंबून असतो, तोच साठा हे औषध कमी करते. खिन्नतेत मेंदूतील या द्रव्यांची न्यूनता असते, ही आधुनिक मानसशास्त्रातील उपपत्ती मांडली गेली तीही बव्हंशी रेसर्पिनच्या निरीक्षणांच्या आधारे.

मात्रेचे गणित

आता चूर्णाच्या मात्रेचा विचार करू. द्रव्यगुणाच्या पाठ्यग्रंथांत सर्पगंधा मूळचूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये दिलेली असते. उन्मादासाठी ती ३ ते ६ ग्रॅमपर्यंत सांगितली जाते. उलटपक्षी, १९५० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत प्रमाणित मूळचूर्णाच्या ज्या गोळ्या प्रचारात आल्या, त्या ५० व १०० मिलिग्रॅमच्या होत्या आणि स्थिर मात्रा दिवसाला ५० ते ३०० मिलिग्रॅम एवढीच होती. हा फरक दहा-वीस पटींचा आहे आणि तो समजून घेतलाच पाहिजे.

प्रमाणित मुळात रेसर्पिन व रेसिनॅमिन हा गट ०.१५ टक्के धरला, तर एक ग्रॅम चूर्णात ही द्रव्ये सुमारे १.५ मिलिग्रॅम येतात. रक्तदाबासाठी शुद्ध रेसर्पिनची प्रचलित कमाल मात्रा दिवसाला ०.२५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतील 'ऑलहॅट' या मोठ्या रक्तदाब-अभ्यासात पुरवणी औषध म्हणून रेसर्पिन दिले गेले, तेही केवळ ०.०५ ते ०.२ मिलिग्रॅम. चूर्णातील सर्व द्रव्य शोषले जातेच असे नाही, हे खरे. तरीही वजनाचा हा हिशेब नजरेआड करता येत नाही. "रात्री चमचाभर दुधातून घ्या" असे सांगितले की रुग्ण अडीच-तीन ग्रॅम चूर्ण घेतो. ही उन्मादाची मात्रा झाली. ती निद्रानाशाची नव्हे.

उन्मादात सांगितलेली मोठी मात्रा ही उग्र, अनावर रुग्णासाठी, मोजक्या दिवसांसाठी व वैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आहे. महिन्याचे औषध बांधून घेऊन तांड्यावर वा खेड्यावर परतणाऱ्या रुग्णासाठी ती नाही. आमची पद्धती अशी : चूर्ण चमच्याने न देता वजन करून पुड्यांत द्यावे. आरंभ २५० मिलिग्रॅमपासून, रात्री, दुधासह करावा. पहिल्या तीन आठवड्यांत मात्रा वाढवू नये. एका वेळी दोन आठवड्यांहून अधिक औषध देऊ नये. प्रत्येक भेटीत नाडीची गती व बसून तसेच उभे राहून रक्तदाब पाहावा. नाडी मिनिटास ६० च्या खाली गेल्यास, सकाळी अतिरिक्त सुस्ती राहिल्यास किंवा घरच्यांनी "हल्ली बोलत नाही" असे सांगितल्यास औषध थांबवावे.

उपद्रव व निषेध

नाक चोंदणे हा सर्वांत सामान्य उपद्रव. रुग्ण त्याला सर्दी समजतो व सर्दीच्या गोळ्या घेतो. याखेरीज तोंड कोरडे पडणे, अतिनिद्रा, नाडीमांद्य, अतिसार, आमाशयातील अम्लस्राव वाढणे, वजन वाढणे, सूज, मैथुनेच्छा कमी होणे, दुःस्वप्ने, आणि मोठ्या मात्रेत कंपवातासारखी लक्षणे आढळतात. १९७४ मध्ये रेसर्पिनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडणारे अहवाल प्रसिद्ध झाले होते. पुढील अभ्यासांत तो संबंध सिद्ध झाला नाही. ही माहिती वैद्यास असावी, कारण रुग्ण आता स्वतः वाचून प्रश्न विचारतो.

पुढील रुग्णांस सर्पगंधा देऊ नये : खिन्नता असलेले वा पूर्वी होऊन गेलेले, आत्महत्येचा विचार वा प्रयत्न केलेले, परिणामशूल व अम्लपित्ताचे तीव्र रुग्ण, विशेषतः आमाशयव्रण असलेले, व्रणयुक्त बृहदंत्रशोथाचे रुग्ण, कंपवाताचे रुग्ण, गर्भिणी व स्तन्यदा, आणि विद्युत्-चिकित्सा चालू असलेले मनोरुग्ण. अपस्मार, तमकश्वास व वृद्धावस्था यांत विशेष दक्षता घ्यावी.

आजचा रुग्ण एकाच वेळी दोन-तीन ठिकाणची औषधे घेत असतो. म्हणून डिजॉक्सिन, नाडी मंद करणारी अॅटेनोलॉलसारखी औषधे, रक्तदाबाच्या इतर गोळ्या, लेव्होडोपा, खिन्नतेवरील औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांपैकी काही चालू आहे काय, हे विचारल्याशिवाय सर्पगंधा लिहू नये. रुग्णाकडील सर्व पाकिटे पिशवीसकट टेबलावर मांडावयास सांगणे ही सोपी व खात्रीची पद्धत होय. मद्यपानाबाबतही स्पष्ट विचारावे. मद्य व सर्पगंधा यांचे मनोवसादक कर्म परस्परांस पोषक ठरते.

घनवटीतील अन्य घटक

सर्पगंधा घनवटी हा बाजारात सर्वाधिक खपणारा कल्प. यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या सिद्धयोगसंग्रहातील पाठात सर्पगंधेसोबत पारसीक यवानी म्हणजे खुरासानी ओवा, जटामांसी, भांग व पिंपळमूळ ही द्रव्ये आहेत. विविध औषधनिर्मात्यांच्या घटकयाद्या सारख्या नसतात, म्हणून डबीवरील यादी वाचल्याशिवाय हा कल्प देऊ नये. पारसीक यवानी व भांग ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत समाविष्ट आहेत. अशी द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे.

याचा चिकित्सेतील अर्थ असा की, पारसीक यवानीयुक्त घनवटी पौरुषग्रंथीची वृद्धी, मूत्रावरोध अथवा काचबिंदू असलेल्या वृद्धांस देणे धोक्याचे आहे, आणि निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत असे वृद्ध पुष्कळ असतात. औषधालय-चालकांच्या दृष्टीने अर्थ असा की, ही घनवटी त्रिफळा चूर्णाप्रमाणे मागेल त्याला देण्याची वस्तू नाही.

आमच्या जिल्ह्यातील दोन प्रश्न

येथवर जे सांगितले ते कोणत्याही गावच्या वैद्यास लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यात मात्र दोन प्रश्न अधिक विचारणे आम्ही अनिवार्य मानतो.

पहिला प्रश्न मनाच्या स्थितीचा. शेतकरी आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले आहे, आणि ते भूषणावह नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यांत यवतमाळचा समावेश होता. आता विचार करा. खिन्नतेने ग्रासलेला मनुष्य वैद्याकडे येतो तेव्हा "माझे मन उदास आहे" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "झोप लागत नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही." पहाटे दोन-तीनला जाग येणे व पुन्हा झोप न लागणे हे तर खिन्नतेचे पुष्कळदा पहिले लक्षण असते. चरकसंहितेतील ८० वातविकारांच्या यादीत विषाद व अस्वप्न हे दोन्ही जवळजवळ आलेले आहेत, हे येथे स्मरणीय आहे. अशा रुग्णाची केवळ 'अस्वप्न' ही बाजू पाहून त्याला सर्पगंधा देणे म्हणजे, ज्याला जे द्रव्य सर्वांत निषिद्ध तेच त्याच्या हाती देणे होय. शिवाय औषध दिल्याचे समाधान वैद्यास व घेतल्याचे समाधान रुग्णास मिळते आणि मूळ विकार निदानाविना राहतो. हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा लहान नाही.

म्हणून निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णास दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या कामात, माणसांत, सणावारात मन लागेनासे झाले आहे काय? आणि गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश, सारे संपल्यासारखे वाटते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास तिसरा प्रश्न शांतपणे, एकांतात व थेट विचारावा : जीव नकोसा वाटतो काय, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते काय? असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात पेरला जाईल, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याने रुग्णाचा भार हलका होतो.

उत्तर होकारार्थी असल्यास सर्पगंधेचा विचार सोडून द्यावा. घरातील जबाबदार व्यक्तीस विश्वासात घ्यावे, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावयास सांगावीत आणि रुग्णास त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठविताना चिठ्ठीवर आपले निरीक्षण व दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत. २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी-समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात ठळकपणे लावावा. सत्त्वावजय चिकित्सा आपल्या शास्त्राने सांगितली आहे. रुग्णास योग्य वेळी योग्य हाती सोपविणे हाही तिचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न फवारणीचा. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधित झाले व २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांच्या सौम्य बाधेत डोकेदुखी, बेचैनी, घाम, मळमळ यांसोबत निद्रानाशही असतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात एखादा मजूर "दोन दिवस झोप नाही, जीव घाबरतो" म्हणून आला, तर तो निद्रानाशाचा रुग्ण आहे की विषबाधेचा, हे आधी ठरवावे. या विषबाधेत रेसर्पिन टाळावे, असे आधुनिक विषचिकित्सेत स्पष्ट सांगितले आहे. बारीक झालेली बाहुली, मंद नाडी, तोंडाला सुटणारी लाळ व स्नायूंची फडफड यांपैकी काही दिसताच कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. सर्पगंधा विषघ्न आहे, या ग्रंथोक्तीचा आधार येथे घेऊ नये.

सर्पगंधेऐवजी

निद्रानाशाचे बहुसंख्य रुग्ण सर्पगंधेविना बरे होतात, असा आमचा अनुभव आहे. रात्रीचा चहा व तंबाखू बंद करणे, सायंकाळचे जेवण वेळेवर घेणे, झोपण्यापूर्वी तिळाच्या तेलाने पादाभ्यंग, शिरोभ्यंग, शक्य तेथे शिरोधारा, आणि म्हशीचे कोमट दूध हे उपाय खेड्यातही सहज होण्याजोगे आहेत. औषधींत अश्वगंधा, तगर, जटामांसी, ब्राह्मी व शंखपुष्पी यांची प्रकृतीनुसार योजना करावी. याही निर्दोष म्हणून डोळे मिटून देऊ नयेत. अश्वगंधेमुळे क्वचित यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गर्भिणी व अवटुग्रंथीचे रुग्ण यांत ती टाळावी. तगर व जटामांसी झोपेच्या गोळ्यांसोबत दिल्यास सुस्ती वाढते.

सर्पगंधेचे खरे क्षेत्र म्हणजे वाढलेल्या रक्तदाबासह बेचैनी, चिडचिड व निद्रानाश असलेला, बलवान, खिन्नतेचा पूर्वेतिहास नसलेला व नियमित तपासणीस येणारा रुग्ण. तसेच तज्ज्ञांच्या देखरेखीखालील उग्र उन्माद. पात्र रुग्णात, मोजक्या मात्रेत ती आजही उत्तम काम देते.

औषधालय-चालकांसाठी

मुळाची खरेदी करताना पुढील बाबी पाहाव्यात. खरे मूळ वेडेवाकडे, टोकाकडे निमुळते, बाहेरून फिकट पिवळसर-तपकिरी ते करडे, उभ्या सुरकुत्या असलेले असते. ते तटकन मोडते, गंध जवळजवळ नसतो व चव अत्यंत कडू असते. बाजारात रॉवोल्फिया टेट्राफिला या विदेशी, परंतु आता भारतात सर्वत्र रुजलेल्या जातीच्या मुळांची भेसळ होते. या जातीत पाने चार-चारच्या चक्रात येतात. मुळे तुकड्यांत आली की डोळ्यांनी ओळखणे कठीण होते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली भेसळीच्या मुळाच्या सालीत अश्मपेशी दिसतात, खऱ्या सर्पगंधेत त्या नसतात. क्षारद्रव्यांचे प्रमाण भिन्न असल्याने भेसळीच्या चूर्णाची मात्रा ठरविणेच अशक्य होते. म्हणून तयार चूर्ण घेण्यापेक्षा अखंड मूळ घ्यावे, अथवा प्रयोगशाळेचा अहवाल देणाऱ्या निर्मात्याकडूनच चूर्ण घ्यावे.

अतिरेकी उत्खननामुळे वनातील सर्पगंधा झपाट्याने कमी झाली. १९९० पासून ती 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. मूळ काढले की संपूर्ण झाड जाते, हे ध्यानात ठेवून लागवडीचाच माल मागावा. लागवडीत मुळे साधारणतः १८ महिन्यांनी काढणीस येतात. आपण लागवडीच्या मालाची मागणी व नोंद ठेवली, तर शेतकऱ्यासही एक पीक मिळेल.

विक्रीच्या वेळी तीन नियम पाळावेत. सर्पगंधेचे सुटे चूर्ण वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. जुन्या चिठ्ठीवर वारंवार औषध मागणाऱ्यास वैद्याकडे परत पाठवावे. आणि पुडीवर द्रव्याचे नाव, वजन व तारीख लिहावी. नाव नसलेली पुडी घेऊन रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, तर तेथील डॉक्टरांस काहीच उलगडा होत नाही.

संशयित उपद्रवाची नोंद करणे हेही वैद्य व विक्रेता या दोघांचे कर्तव्य आहे. आयुर्वेदीय औषधांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचे समन्वयन नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आहे. उपद्रव कळविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, असा गैरसमज काही व्यवसायबंधूंत आहे. आमचे मत याच्या उलट आहे. ज्या शास्त्राला आपल्या औषधांचे दोष माहीत असतात, त्याच्याच गुणांवर लोक विश्वास ठेवतात.

उपसंहार

सर्पगंधा ही आयुर्वेदाने जगास दिलेली मौल्यवान देणगी आहे. तिचा मान राखावयाचा तर ती वजन करून, निषेध पाहून, मुदत ठरवून व रुग्णाचे मन जाणून घेऊनच द्यावी. आमच्या भागात झोप मागण्यास येणाऱ्या प्रत्येकाला केवळ झोपच हवी असते असे नाही. काहींना कोणीतरी ऐकून घेणारे हवे असते. ते ऐकण्यास पाच मिनिटे लागतात. सर्पगंधेची पुडी बांधण्यापूर्वी तेवढा वेळ प्रत्येक रुग्णास द्यावा, एवढीच सर्व व्यवसायबंधूंस आमची विनंती आहे.